मेहेरबानची चांदी

कोल्हापूरला समुद्र नाही. त्यामुळं आदिती मगदूम एका बुडालेल्या जहाजाच्या मागं लागलीय हे कळलं की माणसं आधी हसायची. "कुठं बुडालंय मॅडम, पंचगंगेत?" असं कॉलेजचा शिपाईसुद्धा विचारायचा. आदिती त्यालाही उत्तर द्यायची. व्हरांड्यात उभ्या उभ्या ती जहाज सांगायला लागायची, आणि तासाची घंटा झाली तरी तिचं जहाज अजून दमणच्या गोदीतच असायचं.

तिचं माहेर हुपरीचं. घरात तीन पिढ्या चांदीचा धंदा. पैंजण, जोडवी, करदोडे. आजोबांनी घातलेली भट्टी आता धाकटा भाऊ अभिनंदन बघायचा. आदिती शिकली, कोल्हापुरात इतिहासाची प्राध्यापक झाली, राजारामपुरीत लहानसा फ्लॅट घेऊन राहिली. लग्न केलं नाही. "लग्नाच्या वयात हिला ते गलबत चावलं," असं तिची आई अक्काताई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. रागानं नव्हे, सर्दीपडसं सांगावं तसं.

ते गलबत नव्हतं, चांगलं तीन डोलकाठ्यांचं जहाज होतं. नाव 'मेहेरबान'. १८०९ साली दमणला अस्सल सागवानात बांधलेलं. मालक मुंबईचा एक पारशी व्यापारी. पहिल्यांदा त्यानं चीनला कापूस नेला आणि तिकडून साखर, रेशीम आणलं. मग इंग्रजांनी जावा बेटावर स्वारी काढली तेव्हा कंपनीनं ते भाड्यानं घेतलं आणि ज्या पोटात कापसाच्या गाठी असायच्या तिथं शिपाई आणि दारूगोळा भरला. येताना तापाची साथ आली. किती तरी शिपाई वाटेतच समुद्रात सोडावे लागले. पुढं ते हाजींना घेऊन जेद्दाला गेलं, मस्कतहून घोडे घेऊन आलं. घोड्यांनी लाथा मारून आतल्या फळ्या फोडल्या म्हणून मालकानं कप्तानाशी केलेलं भांडणसुद्धा आदितीला पाठ होतं. एकदा चीनच्या समुद्रात वादळानं तिन्ही डोलकाठ्या मोडल्या. खलाशांनी उरलेल्या तुकड्यांवर शिडं बांधून जहाज बंदरात आणलं. ब्रह्मदेशच्या लढाईतही ते जाऊन आलं. असं सतरा वर्षं राबलेलं जहाज. आदिती त्याच्याविषयी बोलायची तेव्हा ऐकणाऱ्याला वाटायचं, ही आपल्या एखाद्या कष्टाळू चुलत्याविषयी बोलतीय.

पण तिला खरं झोपू देत नव्हतं ते त्या जहाजाचं मरण.

१८२६ च्या मे महिन्याच्या अखेरीस 'मेहेरबान' चीनहून मुंबईला परतत होतं. यायला उशीर झाला होता, पावसाळा तोंडावर होता. कप्तानाच्या खोलीखालच्या कोठारात स्पेनचे चांदीचे रियाल होते. चीनच्या व्यापारात तेव्हा तेच नाणं चालायचं. वेंगुर्ल्यासमोरच्या खडकांजवळ वादळानं गाठलं आणि जहाज खडकावर चढलं. इंग्रज कप्तान आणि त्याचे अधिकारी दोन्ही होड्या घेऊन उतरले. "किनाऱ्यावरून मदत घेऊन येतो," असं त्यांनी खलाशांना सांगितलं. खलाशी सगळे कोकणातले. त्यांचा मुखिया भानजी सारंग. ते मोडक्या जहाजाला धरून वाट बघत राहिले. होड्या परत आल्याच नाहीत. जहाज मधोमध दुभंगलं तेव्हा जमेल त्यांनी पाण्यात उड्या टाकल्या. निम्मे किनाऱ्याला लागले, निम्मे राहिले.

आणि मुंबईत पोचलेल्या कप्तानानं साक्ष दिली, की खलाशांनी बंड केलं, कोठार फोडलं, चांदी लुटली, आणि जीव वाचवायला आम्हाला जहाज सोडावं लागलं. किनाऱ्याला लागलेला भानजी सारंग सांगत राहिला की चांदी जहाजातच आहे, बुडून बघा. पण बाहेर पावसाळा सुरू झालेला, आणि पावसाळ्यानंतर तिथं नुसती वाळू. भानजी मुंबईच्या तुरुंगात मेला.

"चांदी जहाजात सापडली तर कप्तान खोटा ठरतो," आदिती सांगायची. "बास, एवढंच आहे. दोनशे वर्षांनी का होईना."

हे ती ज्याला सगळ्यात जास्त वेळा सांगायची तो ऋतुराज. शिवाजी पेठेचा पोरगा. लहानपणी रंकाळ्यात पोहायला शिकला, पेठेच्या संघातून फुटबॉल खेळला, आणि गुडघा गेल्यावर मालवणला जाऊन पाणबुड्या झाला. पर्यटकांना मासे दाखवून कंटाळला होता. एका व्याख्यानात आदितीचं बोलणं ऐकून तो स्टेजपाशी आला आणि म्हणाला, "मॅडम, तुमचं जहाज मी हुडकतो."

आदितीच्या कानाला जन्माचं दुखणं होतं. पाण्याखाली जायला डॉक्टरांनी सक्त मनाई केली होती. त्यामुळं सात वर्षं ती होडीत बसायची आणि ऋतुराज खाली जायचा. होडी भिवा कुबल या वेंगुर्ल्याकडच्या कोळ्याची. जहाज सापडलं त्या दिवशी ऋतुराज वर आला, तोंडातली नळी काढली आणि नुसता हसत राहिला. त्यानं नांगराचा फोटो दाखवला. मग तांब्याचे पत्रे, मग सागाची काळी पडलेली फासळी. आदिती होडीत बसून रडली. तिनं ते जहाज स्वतः कधी पाहिलं नाही. पाहिलं ते ऋतुराजच्या डोळ्यांनी.

पुरातत्त्व खात्याकडून परवानगी मिळाली ती फक्त बघायची आणि फोटो काढायची. हात लावायचा नाही. जागा कुणाला सांगायची नाही असं दोघांनी ठरवलं. आदितीनं ती सांगितली फक्त अभिनंदनला, तेही जेवताना, बोलण्याच्या भरात. ऋतुराजला हुपरीच्या घरी तिनंच नेलं होतं. अक्काताईंनी त्याला पुरणपोळी वाढली, अभिनंदननं भट्टी दाखवली. दोघं एका वयाचे, दोघं फुटबॉलवेडे. आपल्या माणसांची आपापसात गट्टी जमली याचा आदितीला आनंदच झाला होता.

भिवा कुबलाची गोष्ट तिला उशिरा कळली. एकदा परतताना तो सुकाणूपाशी बसून म्हणाला, "बाई, आमका गावात रियालकर म्हणतत."

"म्हणजे?"

"कुबल आडनाव कागदार. गावात रियालकर. कोणाचा जाळा चोरीक गेला तरी म्हणतत, रियालकरांकडे बघा. माझ्या आज्याक म्हणत, बापाशीक म्हणतत. माझ्या चेडवाक शाळेत म्हटलानी, ता रडत इला." त्यानं सुकाणू थोडं वळवलं. "भानजी सारंग आमच्या घराण्यातलो. चोरल्यान काय तेनी, तुमका काय वाटता?"

"चांदी खाली असेल तर नाही चोरली," आदिती म्हणाली. "आणि मला वाटतं ती आहे."

त्या दिवसापासून भिवानं होडीचं भाडं घेणं बंद केलं.

गेल्या हिवाळ्यात पाण्याच्या ओढीनं जहाजाच्या मागच्या बाजूची वाळू सरकली. कप्तानाची खोली मागच्या बाजूलाच असते, आणि कोठार तिच्याखाली. नेमकी जागा आदितीनं कागदावर काढून ऋतुराजला समजावली होती. अशा जहाजांचे नकाशे ती वर्षानुवर्षं बघत आली होती. संक्रांत झाल्यावर तो एकटाच जाऊन आला आणि कोल्हापुरात तिच्या फ्लॅटवर येऊन खुर्चीत बसला.

"काय न्हाय मॅडम तिथं," तो म्हणाला. "मोकळं हाय."

त्यानं फोटो दाखवले. वाळू, वाळू, एक फळी, पुन्हा वाळू.

आदितीनं तो आठवडा कसा काढला ते तिचं तिला माहीत. पण ती इतिहासाची माणूस होती. पुराव्यात नाही ते आहे म्हणायचं नाही, हे तिनं मुलांना वीस वर्षं शिकवलं होतं. ती वेंगुर्ल्याला गेली. ऋतुराज सोबत होता. भिवाच्या पडवीत त्याचे म्हातारे वडील बसले होते. त्यांच्या देखत तिनं सांगितलं.

"कोठार रिकामं आहे. चांदी तिथं नाही. म्हणजे खलाशांनी चोरलीच असं नाही, पण... कप्तान खोटं बोलला असं आता मला म्हणता येणार नाही."

म्हातारा खांबाला धरून उठला आणि आत निघून गेला. ऋतुराज पडवीच्या पायरीवर बसून वहाणेत अडकलेली वाळू झटकत होता.

हे सगळं फेब्रुवारीतलं. त्यानंतर आदितीनं पुण्याच्या एका परिषदेतही तेच मांडलं. टाळ्या पडल्या. "स्वतःच्या सिद्धान्ताविरुद्ध बोलायला धाडस लागतं," असं कुणीसं म्हणालं.

दिवाळी झाली. नंतरच्या एका रविवारी, कुणाला न कळवता, ती सकाळच्या एसटीनं हुपरीला गेली. आईला खोकला होता असं कळलं होतं, म्हणून मध आणि जवसाची चटणी घेऊन. घरात शिरायच्या आधीच तिला परसातून भट्टीचा आवाज आला. रविवारी हुपरीत कारागीर येत नाहीत. ती तशीच परसात गेली.

अभिनंदन एकटाच भट्टीपाशी होता. चांदी वितळवायची मूस लाल झाली होती. त्याच्या पाठीला घाम होता आणि हवेत एक वास होता. नासक्या अंड्यासारखा, आणि त्याच्याखाली आणखी एक. आदिती दारातच थांबली. तो दुसरा वास तिला ओळखीचा होता आणि हुपरीत तो येऊच शकत नव्हता. ओहोटीला वेंगुर्ल्याच्या खडकांना येतो तो वास.

"आक्का!" अभिनंदन दचकला. "तू कवा आलीस? फोन तरी करायचा की."

"रविवारी भट्टी कशी काय?"

"अर्जंट ऑर्डर हाय. तू जा आत, अव्वा हाय स्वयंपाकात. मी आलोच."

तो बोलता बोलता दोन पावलं सरकला आणि एका गोणपाटाच्या आड उभा राहिला. आदिती पुढं गेली. तिनं भावाला बाजूला सारलं नाही; नुसती वाकली आणि त्याच्या पायामागचं गोणपाट उचललं.

खाली काळं ढेकूळ होतं, नारळाएवढं. एकावर एक रचलेल्या भाकऱ्या जळून चिकटाव्यात तशा चकत्या. चकत्यांच्या मध्ये पांढरे शिंपल्याचे तुकडे घट्ट रुतलेले. एका कडेला काळा थर खरवडला गेला होता आणि तिथं एका राजाचं नाक आणि ओठ दिसत होते.

"मोड हाय ती," अभिनंदन म्हणाला. "जुनी. कर्नाटकातनं आलीया."

"मोडीला शिंपले असतात व्हय रे?"

भट्टी घोंघावत राहिली. मग त्यानं हवा बंद केली आणि पाटावर बसला.

"ऋतुराजनं आणलं," तो म्हणाला.

"कधीपासून?"

"संक्रांतीच्या आधीपासनं."

आदितीला तेव्हा भिवाची पडवी आठवली आणि खांबाला धरून उठणारा म्हातारा. तिनं भिंतीला हात टेकला. भिंत भट्टीनं तापलेली होती, पण तिनं हात काढला नाही.

"बाकीचं कुठंय?"

अभिनंदननं विझत्या भट्टीकडं बघितलं. उत्तराची गरज नव्हती. हुपरीत चांदी येते ती थांबत नाही. पैंजण होऊन निघून जाते. कुठल्या कुठल्या गावातल्या सुना आणि लेकी ते पायात घालून हिंडत असतील.

"तुला ठाऊक होतं ते काय आहे," ती म्हणाली. "बाहेरच्या कुणाला नसेल. पण तुला ठाऊक होतं. तुझ्या ताटाशेजारी बसून मी दहा वर्षं हेच बोलतीय."

"म्हणून तर आक्का! बोलतीयास, बोलतीयास, त्यातनं निघालं काय? सरकार हात लावू देत न्हाय. पाण्यात पडून कुजलं असतं. आन् मी काय कुणाच्या घरातनं चोरलं व्हय?"

"मला भाऊबीजेला तबक दिलंस. नवं."

अभिनंदननं मान खाली घातली.

"अभी, ते तबक?"

"चांगली चांदी हुती," तो पुटपुटला. "मला वाटलं, तुझ्याकडं त्यातलं कायतरी असावं."

अक्काताई ताकाचे पेले घेऊन परसात आल्या. लेक आणि लेकाच्या तोंडाकडं बघून त्या जागीच थांबल्या, आणि आदितीला कळलं.

"अव्वा, तुलाही माहीत होतं?"

"तुला सांगू नगं म्हणाला हा. तुला वाईट वाटंल म्हणून." अक्काताईंनी पेले ओट्यावर ठेवले. "समुद्रात पडलेलं कुणाचं असतंय गं पोरी? ज्याला गावलं त्याचं."

"भानजी सारंगाचं होतं ते."

"कोण तो?" अक्काताईंनी विचारलं.

त्यांनी ते खरोखरच विचारलं होतं. ह्या घरात भानजी सारंगाचं नाव सणावाराला निघालं होतं, आजारपणात निघालं होतं. आदितीनं तो मुंबईच्या तुरुंगात मेला ते सांगताना आईनं एकदा पदरानं डोळेही टिपले होते. आणि आता आई विचारत होती, कोण तो.

आदितीनं ते ढेकूळ गोणपाटात गुंडाळलं आणि उचललं. अभिनंदन उठून आडवा आला. क्षणभर दोघं बहीणभाऊ समोरासमोर उभे राहिले. लहानपणी याच परसात विटी-दांडूवरून उभे राहायचे तसे.

"आक्का, ठेव खाली."

"मला हात लावून घे काढून."

त्यानं हात लावला नाही. ताक तसंच राहिलं.

कोल्हापुरात असला की ऋतुराज संध्याकाळी मैदानावर पेठेच्या पोरांचा सराव घ्यायचा. त्याच संध्याकाळी तिला येताना बघून त्यानं शिट्टी तोंडातून काढली, पोरांना फेऱ्या मारायला पिटाळलं आणि कट्ट्यापाशी आला. अभिनंदनचा फोन त्याला आधीच आला असणार.

"तू मला वाळूचे फोटो दाखवलेस," आदिती म्हणाली.

"दाखवले."

"कुठले होते?"

"तिथलेच. जरा पलीकडचे."

ती वाट बघत राहिली. तो माफी मागेल असं तिला वाटलं होतं का? वाटलं होतं. सात वर्षांत तिनं त्याला खोटं बोलताना कधी पकडलं नव्हतं, कारण कधी पकडायला गेलीच नव्हती.

"मॅडम, एक सांगा," तो म्हणाला. "तुमी पाण्यात कधी उतरला? खाली कोण गेलं? थंडीत कोण कुडकुडलं? उजव्या कानानं मला आता धड ऐकू येत न्हाय. आन् पेपरात फोटो कुणाचा? परिषदेत कोण बोललं? 'सहकारी पाणबुड्यांच्या मदतीनं'. नावसुद्धा न्हाय घेतलं तुमी माझं."

आदितीला ते आठवेना. मग आठवलं. पुण्याच्याच नव्हे, आधीच्या सगळ्या भाषणांतही खरंच ते वाक्य तसंच होतं.

"मला बोलला असतास," ती म्हणाली. "भांडला असतास. मी चुकलेच. पण तू काय केलंस? माझा एकच प्रश्न होता सात वर्षं, चांदी आहे का. तुला उत्तर हातात मिळालं होतं. आणि तू मला नाही म्हणालास."

"आहे म्हणालो असतो तर मिळाली असती व्हय मला?"

"भिवाच्या घरी तू माझ्याशेजारी बसला होतास. मी त्या म्हाताऱ्याला सांगितलं, तुमचा माणूस निर्दोष आहे असं म्हणता येत नाही. तू ऐकत होतास."

ऋतुराजनं पहिल्यांदा नजर काढून घेतली. "तवा बोलायला पायजे हुतं," तो म्हणाला. "तोंडापर्यंत आलतं. पण तुमी इतक्या ठामपणानं बोलत हुता, मला वाटलं आता राहू दे."

पोरं फेरी मारून त्यांच्याजवळून धापा टाकत गेली.

"खाली काय उरलंय?" तिनं विचारलं. "निदान कोठार तरी?"

"कोठार उघडायला फोडावं लागलं," ऋतुराज म्हणाला. "मागची बाजू सगळी सुटली. पावसाळ्यात वाहून गेली."

दोन शतकं समुद्रानं जे ठेवलं होतं ते त्यानं पहारीनं फोडलं होतं. आदितीला तिथं काही बोलायला सुचलं असतं तर बरं झालं असतं. घरी परतताना रिक्षात तिला शंभर वाक्यं सुचली.

दुसऱ्या दिवशी ती ढेकूळ घेऊन पोलिसांत गेली. तक्रारीत तिनं स्वतःच्या भावाचं नाव सांगितलं. लिहून घेणारे हवालदार थांबले आणि म्हणाले, "बाई, सख्खा भाऊ हाय न्हवं? घरात मिटतंय का बघा की." ती म्हणाली, घरात मिटवायचं तेवढं भट्टीत मिटलंय. भाऊबीजेचं तबकही तिनं टेबलावर ठेवलं.

पुढं जे झालं ते तिला अपेक्षित होतं त्याच्या उलटं झालं. अभिनंदन आणि ऋतुराज दोघांना पकडलं, जामिनावर सोडलं. दोघांनीही एकच जबाब दिला: जागा मॅडमनीच दाखवली, कोठार कुठं असतं ते त्यांनीच कागदावर काढून दिलं, वाटणीवरून बिनसलं म्हणून आता उलटल्या. त्यातलं अर्धं खरं होतं, म्हणून सगळंच खरं वाटत होतं. एका स्थानिक पेपरनं तिचा फोटो छापला. आधी ज्या मुलाखतीसाठी काढला होता तोच. कॉलेजनं चौकशी होईपर्यंत रजेवर जायला सांगितलं. पुण्याच्या परिषदेत टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी कुणी फोन केला नाही. तिला रोज जहाज विचारणारा शिपाई एकदा महाद्वार रोडवर समोरून आला आणि दुकानाच्या पाट्या वाचत पलीकडून गेला.

पण एक गोष्ट झाली. त्या ढेकळातली नाणी तज्ज्ञांनी एकमेकांपासून सोडवली. सगळी स्पेनच्या राजाची, सगळी जहाज बुडायच्या आधीची, आणि अजून गठ्ठ्यानं रचलेली. कोठारात जशी ठेवली होती तशी. कुणी लुटली असती तर अशी रचलेली राहिली नसती. अहवालाची प्रत हातात आल्यावर आदितीनं वेंगुर्ल्याची एसटी पकडली.

भिवा अंगणात जाळं दुरुस्त करत होता. त्यानं तिला बघितलं, पण सुई थांबवली नाही. तिनं उभ्या उभ्या सगळं सांगितलं. चांदी होती. भानजी खरं बोलला होता. कप्तान खोटा. ऋतुराज खोटा. माझा भाऊ चोर.

बराच वेळ भिवा गाठी मारत राहिला.

"बापूस श्रावणात गेलो," मग तो म्हणाला. "तुमी सांगून गेलात तेच्या मागसून तो समुद्राकडे बसाचो बंद झालो. पडवेत बसलो तरी पाठ करून बसे. मरताना माका म्हणालो, भिवा, होडयेचा भाडा घेऊक होया होता रे तिच्याकडसून."

आदिती खाली बसली. शेणानं सारवलेल्या अंगणातच.

"तेव्हा तुमी म्हणालात नाय. आता म्हणतास होती," भिवा म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता. "मी आयकान. पण गाव कोणाचा आयकतलो? तुमी ह्या माका कित्याक सांगतास? देवळात चला. तिकडे सांगा."

त्या संध्याकाळी देवळात काहीतरी ठरवायला माणसं जमणारच होती. भिवानं तिला खांबापाशी उभं केलं. आदितीनं शेकडो व्याख्यानं दिली होती, पण इथं व्याख्यान चालणार नव्हतं. तिनं अहवाल वाचला नाही. तिनं जहाज सांगितलं. दमणचा साग, कापूस, जावा, घोडे, मोडलेल्या डोलकाठ्या बांधून जहाज परत आणणारे खलाशी. खडक. परत न आलेल्या होड्या. मग चांदी.

माणसं ऐकत होती. मागून एका म्हाताऱ्यानं विचारलं, "मगे ती चांदी गेली खंय?"

"आटवली."

"कोणी?"

भिवा तिच्याकडं बघत होता. तिला मधलं काही टाळता आलं असतं. 'चोरट्यांनी' म्हणता आलं असतं.

"माझ्या भावानं," आदिती म्हणाली. "सख्ख्या भावानं. आणि ज्याला मी भावासारखं मानलं त्यानं."

कुणीतरी फिदकन हसलं. कुणीतरी त्याला गप्प केलं. एक बाई उठली, भिवाच्या बायकोजवळ जाऊन बसली आणि तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. बाकी काही झालं नाही. थोड्या वेळानं सभा जत्रेच्या वर्गणीवर गेली.

भिवानं तिला रात्री ठेवून घेतलं. ती जैन आहे हे त्याला ठाऊक होतं. त्याच्या बायकोनं वेगळ्या चुलीवर भात आणि नारळाची आमटी केली. सकाळी तो स्टँडवर सोडायला आला. तिनं तिकिटासाठी पर्स काढली तोवर तो वळून चालायलाही लागला होता.

एसटी आंबोलीच्या पायथ्याला आली तेव्हा फोन वाजला. अक्काताई होत्या. तक्रारीनंतर पहिल्यांदाच.

"अभिनंदन जेवत न्हाय धड," अक्काताई म्हणाल्या. "भट्टीला कुलूप हाय. कारागीर दुसरीकडं गेले. पोरी, तू ते कागद मागं घे. म्हणावं, माझी चूक झाली सांगण्यात."

"माझी चूक झाली नाही अव्वा."

"घर बुडालं की गं."

"कुणी बुडवलं?"

पलीकडून आईच्या खोकल्याचा आवाज आला, जुनाच, दिवाळीपासूनचा. मध तसाच तिच्या पिशवीत परत आला होता हे आदितीला आठवलं.

"मागं घेणार न्हाईस?"

"न्हाय अव्वा."

"मग येऊ नगंस हिकडं," अक्काताई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

गाडीनं पहिलं वळण घेतलं. शेजारी बसलेली बाई तिच्याकडं बघत होती. आदिती रडतीय हे तिच्या ध्यानात आलं होतं. "पावणं, कुठल्या गावच्या तुमी?" तिनं विचारलं.

आदितीनं डोळे पुसले. हुपरी तिच्या ओठांपर्यंत आलं.

"कोल्हापूर," ती म्हणाली.